केसपेपरांचा उपस्थाता कोण? स्वतःचा सर्व्हर आणि सांभाळलेला क्लाउड यांचा विचार

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग सुमारे एक हजार शेतकऱ्यांबरोबर २०२४ साली हाती घेतला, त्याची वार्ता आपल्या वाचकांना आहेच. जमिनीत रोवलेले संवेदक, हवामान केंद्र व उपग्रह यांची माहिती एकत्र येते ती 'अझूर' या क्लाउड सेवेवर, आणि शेतकऱ्याला पाणी किती व केव्हा द्यावे याचा सल्ला मोबाईलवर मिळतो. उसाच्या फडाची माहिती अशी दूरच्या यंत्रात सुखरूप राहत असताना त्याच तालुक्यातील वैद्याचे केसपेपर मात्र टेबलाखालच्या जुन्या संगणकात असतात, आणि त्यांची एकुलती एक प्रत खणातल्या पेन ड्राइव्हवर असते. औषधविक्रेत्यांच्या टॅलीची व औषधनिर्मात्यांच्या बॅचनोंदींची स्थिती फारशी निराळी नाही. हे संगणक आता जुने झाले. नवी व्यवस्था करताना स्वतःचा सर्व्हर बसवावा की क्लाउड घ्यावा, हा प्रश्न बारामती व इंदापूर तालुक्यांतील अनेक बंधुभगिनींनी आमच्याकडे उपस्थित केला. त्याचा विचार येथे करीत आहोत.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहून इतर संगणकांना माहिती पुरविणारे यंत्र. ते आपल्या दवाखान्यात असू शकते. ते मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेता येते. मात्र असे नुसते यंत्र भाड्याने घेतले, तर त्यावरील प्रणालीची देखभाल, दुरुस्त्या, कुलपे व प्रती हे सारे आपल्याकडेच राहते. तिसरा प्रकार सांभाळलेल्या सेवेचा. तेथे यंत्राबरोबर त्याची निगाही पुरवठादार राखतो. पहिल्या दोन प्रकारांत यंत्राची जागा बदलते, सांभाळणारा मात्र बदलत नाही. 'क्लाउड' हा शब्द कानी पडताच आपली काळजी मिटली असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि आमच्या मते सर्वांत मोठा धोका त्या समजुतीत आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले: भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. सर्व्हरच्या बाबतीत द्रव्य विकत मिळते, भिषक् पुण्याहून एक दिवस येऊन सारे बसवूनही देतो. कमतरता पडते ती उपस्थात्याची. सेवेचे ज्ञान, दक्षता, सेव्याविषयी आस्था आणि शुचिता असे त्याचे चार गुण शास्त्राने मानले. रात्री अडीच वाजता प्रत घेतली गेली की नाही हे पाहणारा, दुरुस्ती आली की ती लगेच लावणारा, नोकरी सोडून गेलेल्या मदतनिसाचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करणारा असा माणूस आपल्याकडे आहे काय? निवडीचा सारा प्रश्न आम्ही येथे आणून ठेवतो. यंत्राची किंमत त्यापुढे दुय्यम ठरते.

आपल्या भागात स्वतःच्या यंत्राची परिस्थिती कशी असते ते पाहू. एप्रिल-मे महिन्यांत इंदापूर, भिगवण, वालचंदनगर या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी चालत नाही, आणि बंद खोलीतले यंत्र तापू लागते. औषधनिर्मितीच्या जागी आणखी एक शत्रू असतो. पल्व्हरायझरमधून उडणारे चूर्ण संगणकाच्या पंख्यात व जाळीत बसते, आणि काढ्याच्या भट्टीची वाफ त्याला चिकटपणा आणते. त्रिफळेच्या धुळीने गच्च झालेला वीजपुरवठा विभाग ज्यांनी उघडून पाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नको. खर्चाचेही एक साधे गणित आहे. दीडशे वॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालले तर १,३१४ युनिट वीज लागते. बॅटरी व गारवा यांचा खर्च त्यावर वेगळा.

हे सारे डोळ्यांना दिसते म्हणून सुधारता तरी येते. प्रणालीचे जुनेपण दिसत नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे काम अडले. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, दिली होती. औषध उपलब्ध होते, ते देणारा कोणी नव्हता. सर्व्हरसाठी फार लोकप्रिय असलेल्या 'सेंटओएस ७' प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आपले यंत्र यांपैकी कशावर चालते हे ज्यांना तत्काळ सांगता येत नाही, त्यांनी स्वतःच्या सर्व्हरच्या वाटेला जाऊ नये.

मोठ्या संस्थांचीही यातून सुटका झालेली नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरांवर हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि सुमारे दोन आठवडे रुग्णनोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम हाताने करावे लागले. संसदेत दिलेल्या उत्तरात संगणकजालाची योग्य विभागणी नसणे हे कारण सांगितले गेले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, कारण हल्ल्याची बाधा न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवर ती होती. दक्षिण कोरियाच्या शासनाला मात्र अशी प्रत लाभली नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांतून आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची बाहेर प्रतच नव्हती. सरकारच्या स्वतःच्या इमारतीत, स्वतःच्या माणसांच्या देखरेखीखाली हे घडले.

एवढे वाचून कोणी सांभाळलेला क्लाउड म्हणजे रसायन मानील, तर तेही खरे नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खासगी क्लाउड पुरवठादाराच्याच चुकीच्या मांडणीमुळे पुसले गेले. सहा लाखांवर सभासद असलेली ही संस्था वाचली, कारण तिने दुसऱ्या पुरवठादाराकडे वेगळी प्रत ठेवली होती. २०१४ साली कोडस्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड खात्याची किल्ली चोरट्याच्या हाती गेली. त्याने काही तासांत माहिती व तिच्या बहुतेक प्रती पुसल्या आणि कंपनीला व्यवसाय गुंडाळावा लागला. प्रतीही त्याच खात्यात होत्या.

पुरवठादारांच्या जाहिरातीतील ९९.९ टक्क्यांचे वचनही नीट वाचावे. त्यात वर्षाकाठी पावणेनऊ तास सेवा बंद राहण्याची मुभा असते. त्याहून अधिक बंद राहिल्यास सहसा बिलात सूट मिळते. दवाखान्याबाहेर ताटकळलेल्या रुग्णांची भरपाई कोणी करीत नाही. शिवाय रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, तर डेटा सेंटर कितीही भक्कम असले तरी आपल्यापुरते ते बंदच. सोलापूर रस्त्यावरील गावांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आता आमचे मत. एकट्या वैद्याच्या दवाखान्याने व किरकोळ औषध दुकानाने सांभाळलेलीच सेवा घ्यावी. येथे उपस्थाता ठेवणे परवडत नाही आणि वैद्याने स्वतः ते काम करणे म्हणजे नाडीपरीक्षेचा वेळ यंत्राला देणे होय. करबदलासारख्या प्रसंगी याचा लाभ दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्के जीएसटीची आयुर्वेदिक औषधे ५ टक्क्यांवर आली, तेव्हा सांभाळलेल्या सेवेत असा बदल करून देणे हे पुरवठादाराचे काम होते. इंटरनेट बंद असतानाच्या वेळेसाठी मोबाईलचे दुसरे सिमकार्ड आणि कोरे केसपेपर हाताशी असले की निभावते.

औषधनिर्मात्यांचा प्रश्न निराळा आहे. शेड्यूल 'टी'नुसार प्रत्येक बॅचची निर्मितीनोंद ठेवणे त्यांना बंधनकारक आहे, आणि तराजू, पॅकिंग व गोदाम यांचे काम केबल तुटली म्हणून थांबविता येत नाही. ज्यांच्याकडे संगणकाचे काम जाणणारा एक पगारी माणूस आहे आणि तो रजेवर गेला तर दुसरा आहे, त्यांनी कारखान्यात सर्व्हर अवश्य ठेवावा, पल्व्हरायझरपासून दूर, वेगळ्या खोलीत. त्याची प्रत मात्र दररोज बाहेरच्या सेवेवर गेलीच पाहिजे. खाटा असलेल्या पंचकर्म रुग्णालयांनाही आम्ही हाच मिश्रयोग सुचवू.

नुसते यंत्र भाड्याने घेण्याचा मधला मार्ग मात्र आम्ही कोणालाच सुचवीत नाही, अपवाद फक्त घरचा मुलगा किंवा सून याच व्यवसायात असल्यास. तो स्वस्त दिसतो खरा. पण उघड्या इंटरनेटवर ठेवलेल्या यंत्राच्या दाराशी पहिल्या तासापासूनच कुलपे चाचपणारे येऊ लागतात, आणि आपण त्या वेळी ओपीडीत असतो.

कायद्याचा भागही ध्यानी घ्यावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. पुरवठादाराशी काहीही करार असला तरी रुग्णाच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्याचीच, म्हणजे आपली, राहते. सुरक्षेची वाजवी उपाययोजना न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढी रक्कम कोणा वैद्यास होईल असे नव्हे. परंतु 'ते सारे कंपनी पाहते' हे उत्तर चालणार नाही.

म्हणून करारापूर्वी पुरवठादाराला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. माहिती भारतात राहते काय? प्रत किती वेळाने घेतली जाते व कोठे? सेवा सोडताना आमच्या नोंदी सर्वसाधारण संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात मिळतील काय, आणि किती दिवसांत? शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे जाऊ नये. खात्याची मुख्य किल्ली मालकाच्या नावावर असावी, संगणक बसवून देणाऱ्याच्या नव्हे. महिन्यातून एकदा नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ती यंत्रापासून सुटी, कुलपात ठेवावी.

आणि प्रत परत उभी करून पाहावी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत चुकून मुख्य साठा पुसला गेला, तेव्हा प्रतींच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचे आढळले. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. वेळही आधी मोजलेला असावा. ५०० गिगाबाइटचा साठा २० एमबीपीएसच्या जोडणीवरून उतरवायला सुमारे साडेपंचावन्न तास, म्हणजे दोन दिवस व तिसऱ्या दिवसाची सकाळ लागते. ज्यांच्याकडे एक्स-रे वा सोनोग्राफीच्या प्रतिमा साठल्या आहेत त्यांनी हे आजच मोजावे. या परीक्षेसाठी अमावास्येचा दिवस बरा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी भट्ट्या थंड असतात आणि ओपीडीही विरळ असते. दुसऱ्या एखाद्या संगणकावर गेल्या महिन्याची प्रत उतरवावी, कोणत्याही दहा रुग्णांचे केसपेपर व एका बॅचची नोंद उघडावी, तारखा व मात्रा मूळ नोंदींशी ताडून पाहाव्यात आणि परीक्षेची तारीख नोंदवहीत सहीनिशी लिहावी.