सहामाही तोंडावर आणि सातवीचे गणित

दिवाळीच्या सुट्टीला महिना उरला की आमच्या समाजमंदिरातील संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला एकाएकी भर येतो. जून-जुलैत ज्यांना घरोघर जाऊन बोलवावे लागते ती मुले सहामाहीच्या धास्तीने आपणहून सतरंजीवर येऊन बसतात आणि दाराशी त्यांच्या आया विचारतात, "गणिताचा पोर्शन झाला का हो?" यंदा आम्ही बेधडक "झाला" म्हणू शकलो असतो. शाळेत सातवीचे 'बैजिक राशी' हे प्रकरण संपत आले होते आणि आम्हीही त्याच्या मागोमाग होतो. तरीही सप्टेंबरअखेर आम्ही पुस्तक मिटवले. काही पालक त्यामुळे नाराज झाले. त्यांच्यापुढे व इतर वस्त्यांतील पालकांपुढे आमची बाजू मांडणे जरूर आहे.

आम्ही काही शिक्षक नव्हे. बी.कॉम. होऊन कचेरीत दिवसभर खतावणीत मान घालून बसणारे कारकून. सुटल्यावर सात ते नऊ मुलांना घेऊन बसतो, इतकेच. त्या संध्याकाळी सातवीच्या १७ मुलांना आम्ही पाच उदाहरणे घातली, तीही मुद्दाम खालच्या इयत्तांची. पहिलेच होते ६१२ भागिले ६. नऊ जणांचे उत्तर आले १२. सहाला सहाने भाग गेला, एक आला. पुढे एकाला भाग जात नाही म्हणून दोन खाली घेतले, बाराला भाग गेला, दोन आले. मधले शून्य कोणी मांडलेच नाही. आम्ही म्हटले, "बचत गटाचे ६१२ रुपये सहा बायांत वाटले, प्रत्येकीला १२ मिळाले, मग उरलेले ५४० खाल्ले कोणी?" पोरे पोट धरून हसली. पण चूक नेमकी कुठे झाली ते तिघांनाच दाखवता आले.

अपूर्णांकांची कथा याहून वाईट. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश! वरचे वर मिळवले, खालचे खाली. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्ध्याहूनही कमी कशी भरेल, हा प्रश्न कोणाला पडला नाही. वहीतल्या आकड्यांचा भाकरीशी काही संबंध असतो, हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

यातल्या एका मुलीची आई हातगाडीवर भाजी विकते. शाळा सुटल्यावर ही गाडीवर बसते. चाळीस रुपये किलोचे टोमॅटो दीड किलो, वर पावशेर मिरची वीसची, शंभराच्या नोटेतून परत किती, हे तिला विचारा. आपण बोटे मोजेपर्यंत ती वीस रुपये काढून ठेवते. आणि कागदावर दीड गुणिले चाळीस मांडून दिले तर पेन चावत बसते. आम्ही म्हटले, "अगं, हेच तर तू रोज करतेस." ती म्हणाली, "काका, ते भाजीचं आहे. हे गणित आहे."

हा एकट्या तिचा दोष नव्हे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी संशोधकांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची अशीच पाहणी केली. ती २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बाजारातले अवघड हिशेब तोंडी चटकन करणारी मुले शाळेच्या पद्धतीच्या साध्या उदाहरणांवर अडली. उलट बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना बाजाराचे हिशेब जड गेले. आणि 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. आमची वस्ती शहरातली, पण चित्र फारसे वेगळे नाही.

पालकांना हे कळत का नाही? कारण त्यांच्या हाती येते ते प्रगतीपत्रक. सातवी-आठवीत शंभरापैकी ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय वगैरेंचे, आणि ६० संकलित परीक्षेचे. दोन्हींची बेरीज होऊन श्रेणी पडते. 'ब-२' दिसले की ६१ ते ७० गुण मिळाले, पोर बरे चालले आहे, असे बाप समजतो. भागाकारातले हरवलेले शून्य त्या 'ब-२'मध्ये कुठेच दिसत नाही. सातवीत कोणी नापास होत नाही, हे खरे. पण डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे पाचवीला व आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तीत आणि फेरपरीक्षेतही नापास झाले तर मूल त्याच वर्गात राहते. म्हणजे या १७ जणांच्या हातात दीड वर्षच आहे.

यात आमचीही चूक आहे. जूनमध्येच ही चाचणी घ्यायला हवी होती. पण "पुढचं शिकवा" असा पालकांचा धोशा आणि आम्हालाही शाळेच्या बरोबरीने धावण्याची हौस. चार महिने आम्ही मसावि, लसावि, घातांक करीत सुटलो. असो.

एक रिक्षाचालक गृहस्थ चिडूनच आले. "साहेब, पेपरात लसावि येणार ना? मग चौथीचे भागाकार कशाला?" आम्ही त्यांच्या मुलालाच १८ आणि २४ चा लसावि काढायला बसवले. पोरगा रीत पाठ म्हणत होता, पण २४ ला ३ ने भागताना अडला. बाप काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलगा दुसऱ्या शिकवणीला जाऊ लागला.

उणे संख्या मात्र आम्हा कारकुनांना सोप्या गेल्या. उणे तीन वजा पाच म्हटले की मुले "दोन उणे म्हणजे अधिक" असे घोकून अधिक आठ लिहीत. आम्ही वाण्याची उधारीची वही काढली. तीन रुपये उधार, त्यावर आणखी पाच उधार, एकूण आठ उधार. मग गुणाकार: तीन रुपयांची उधारी पाच वेळा खोडली तर आपले पंधरा रुपये वाचले. उणे गुणिले उणे अधिक का, हे एका मुलाने दुसऱ्याला समजावताना आम्ही ऐकले, त्या दिवशी जेवण गोड लागले.

तीन आठवड्यांनी उरलेल्या १६ मुलांची पुन्हा चाचणी घेतली. भागाकार १२ जणांना जमला. अपूर्णांकांची बेरीज फक्त पाच जणांना. सहामाहीचे गुण अजून हाती आलेले नाहीत आणि ते फार चांगले येतील असा आमचा दावा नाही, कारण बैजिक राशी आम्ही पुऱ्या केल्याच नाहीत.

पालकसभेला जाल तेव्हा श्रेणी बघून सही करू नका, उत्तरपत्रिका मागून घ्या. वाचता येत नसेल तर मुलालाच विचारा, "हे उत्तर तुला कसं आलं?" आणि तो काय सांगतो ते ऐका.

सुट्टीतही वर्ग चालू ठेवायचे ठरले आहे, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून. सुरुवात अपूर्णांकांपासून. भाजीवालीच्या मुलीला सांगितले आहे, येताना तराजू आणि पावशेर, अर्धा किलो, किलोची वजने घेऊन ये. तिने आईला विचारले. आई म्हणाली, सातच्या आत गाडी लागली तरच देईन.