प्रवास आणि त्याची खरी नोंद

प्रवासवर्णन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिमालयाची शिखरे किंवा परदेशांतील शहरे उभी राहतात. लेखक आगगाडीत बसतो आणि पुढच्याच परिच्छेदात सूर्योदय पाहू लागतो. मधल्या रात्री तो कोठे निजला, काय जेवला, तिकिटाचे पैसे कोठून आणले, हे वाचकाला सहसा कळत नाही. आम्ही सिहोऱ्याकडचे. विडी कामगारांच्या संघटनेसाठी तीस वर्षे भंडारा जिल्ह्यात गावोगाव हिंडलो. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते एस्. टी. च्या थांब्यावर आणि देव्हाडीच्या तुमसर रोड स्थानकावर गाडीची वाट पाहत वाचले. प्रवासाविषयी बोलण्याचा आमचा काही अधिकार असलाच, तर तो वाट पाहणाऱ्याचा अधिकार आहे.

तरुणपणी आम्हीही एकदा पचमढीला जाऊन आलो आणि त्यावर दहा पाने लिहिली. धुके, दऱ्या, मावळता सूर्य, सारे काही त्यात होते. पाने मोठ्या हौसेने विड्या वळणाऱ्या बायांपुढे वाचून दाखविली. त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटी एक वयस्क बाई म्हणाली, ‘‘भाऊ, तो डोंगर राहू द्या. तुमी निजले कोठी, जेवले का, अना तिकीट कितीची लागली?’’ तिन्ही प्रश्नांची उत्तरे आमच्या दहा पानांत नव्हती. टीका म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवशी समजले.

या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे पुस्तक मराठीत आहे, आणि ते फार मोठे पुस्तक आहे. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. कोकणातील वरसईचे हे भिक्षुक 1857 साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते घरच्या दारिद्र्यामुळे. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेत बंडाची आग भडकली. झाशीला इंग्रजी फौजेचा वेढा पडला तेव्हा भटजी शहरातच होते. लूट, कत्तल, उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळविलेले वाटेत लुटले गेले. अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी आले आणि त्या पाण्याने त्यांनी आईबापांना स्नान घातले. हिशेब मांडला तर कमाई एवढीच.

या पुस्तकाची थोरवी कशात आहे? भटजी इतिहास लिहावयास निघालेच नव्हते. ते पोटासाठी निघाले होते, म्हणून त्यांचे लक्ष दक्षिणेकडे, शिध्याकडे, मुक्कामाच्या जागेकडे होते. राजेरजवाड्यांच्या बखरीत जे सापडत नाही ते त्यामुळेच येथे सापडते. मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून भटजींनी हा वृत्तांत 1883 साली लिहिला, म्हणजे प्रवासानंतर सुमारे 25 वर्षांनी. वैद्यांनी तो 1907 साली प्रसिद्ध केला, पण त्यात स्वतः फेरफार करून. दत्तो वामन पोतदारांनी मुळाबरहुकूम आवृत्ती काढली ती 1966 साली. शिवाय भटजींनी काही हकिकती पाहून लिहिल्या, काही ऐकून. त्या निवडून वेगळ्या करणे अभ्यासकाला भाग पडते.

पाहिलेले आणि ऐकलेले यांतील हा फरक पुस्तकी नाही. तो आम्ही नुकसान करून शिकलो. त्या बाईच्या प्रश्नांनंतर आम्ही वही ठेवू लागलो. तारीख, गाव, बस किती उशिरा आली, भाडे किती पडले, कोणाच्या ओसरीवर बसलो, किती विड्या ठेकेदाराने छाट म्हणून बाजूला काढल्या आणि मजुरी किती कापली. एकदा एक तक्रार सुनावणीस गेली. ‘अशी छाट झालीच नाही,’ असे समोरच्यांचे म्हणणे. आम्ही वही वाचली. बस सव्वा तास उशिरा आल्याची, ओसरीवर पावसाचे पाणी गळत असल्याची नोंदही वाचली. अधिकाऱ्यांना वही पटली. असल्या क्षुल्लक गोष्टी मुद्दाम बनवून कोण लिहितो!

पण पुढच्याच पानावर आम्ही अडकलो. एका गावाला आम्ही त्या दिवशी गेलोच नव्हतो. नाल्याला पूर होता, रस्ता बंद होता. तिकडच्या एका बाईचा आकडा दुसऱ्याकडून ऐकून आम्ही त्याच तारखेखाली, स्वतः जाऊन पाहिल्यासारखा लिहिला होता. पुराची गोष्ट समोरच्यांनी बरोबर काढली. इतरांना पैसे मिळाले, त्या बाईचा दावा गेला. तिचा आकडा खरा होता. खोटा होता तो आमचा प्रवास. ती आम्हांस काही बोलली नाही. चहा दिला. तेव्हापासून आमच्या वहीत दोन रकाने आहेत : ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’.

ही शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या घरी बसून नव्हे. ज्याने जे पाहिले त्याच्याकडे जाऊन त्यांनी विचारले. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त स्वामी कोठे उतरले, देऊळ कोणत्या दिशेला होते, याची नोंद आहे. सातशे वर्षांनंतरही ती उपयोगी पडते, कारण तीत अलंकार नाहीत, ठिकाणे आहेत.

कोणी म्हणेल, साध्या माणसांच्या येण्याजाण्याची एवढी नोंद कशाला? 2020 सालच्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी घराकडे निघाले. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातील 16 मजूर मालगाडीखाली सापडून मेले. ते जालन्याहून चालत आले होते. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. देशाला त्यांच्या प्रवासाचे शेवटचे पान तेवढे दिसले. मालकाने किती मजुरी दिली, वाटेत पाणी कोणी दिले, कोणी हाकलले, हे त्यांच्याबरोबर गेले. आमच्याकडचेही पुष्कळ लोक धान कापून झाले की कामासाठी बाहेर पडतात. त्यांच्या प्रवासाचेही एखादे पान कोठे तरी राहिले पाहिजे.

तेव्हा श्रोत्यांना आमची विनंती एवढीच. पुढच्या खेपेस तुम्ही तुमसरला जा, नागपूरला जा, नाही तर काशीला जा. त्याच रात्री चार ओळी लिहा. का निघालो, किती खर्च झाला, कोठे निजलो, कोणी जेवू घातले. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवा. एवढे झाले आणि वहीत जागा उरली, तर सूर्यास्ताचे वर्णन अवश्य करा. आमचाही त्याला विरोध नाही.