उपरण्याखालचा हात

नमस्कार आपला आणि हस्तांदोलन साहेबाचे, असे आपण समजून चालतो. पण पाणिग्रहण हा शब्द काही बोटीने आलेला नाही. घारापुरीच्या लेण्यात शिवपार्वतीच्या लग्नाचा पट आहे. तिथे विवाह सांगितला आहे तो हातात घेतलेल्या हाताने. त्याच्याही कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी नवव्या शतकात, असीरियाचा राजा तिसरा शाल्मनेसर याने सिंहासनाच्या चौथऱ्यावर आपण बाबिलोनच्या राजाशी हात मिळवीत आहोत, असे चित्र कोरून घेतले. दोस्ती चारचौघांना दिसावी, हाच त्यातला हेतू.

आमच्या वऱ्हाडातल्या बाजारातला हात मात्र झाकलेला. बाभुळगावच्या शाखेत असताना बैलजोडीच्या कर्जासाठी मी शेतकऱ्यांबरोबर गुरांच्या बाजारात जात असे. दोन हातांवर उपरणे पडे आणि बोलणे थांबे. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, सारा पंजा म्हणजे पाच. शंभर की हजार, ते जनावर पाहून दोघांना ठाऊकच. "सायेब, तुमी जरा तिकडं पाहा नं," असे मला सांगत. माझ्या फॉर्मात किमतीचा रकाना, आणि किंमत उपरण्याखाली! पण चाऱ्याच्या टंचाईत अडलेल्या माणसाने बैल किती पडत्या भावात दिला, हे गावाला कळू नये, एवढी अब्रू ते उपरणे राखी.

कापसाच्या बाजारातही एके काळी हेच कापड होते, पण न्याय उलटा. त्याला हत्ता म्हणत. कापडाखाली हात अडत्याचा आणि खरेदीदाराचा. ज्याचा कापूस, तो गाडीपाशी उभा. भाव त्याला सांगितला जाई, ठरवताना त्याचे एक बोटही तिथे नसे. याच वऱ्हाडात कारंजाला १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढे बाजार समित्या आल्या, उघडा लिलाव आला. सुधारणा खरीच, पण ती हात उघडा करण्याची. शेतकऱ्याचा हात त्यात किती आला, हे ज्याने त्याने यार्डात जाऊन पाहावे.

बँकेतही वेगळे नव्हते. जिनिंगचा मालक आला की टेबलावरून हात पुढे होई. शेतकरी दारातूनच दोन्ही हात जोडून येई. मी हात पुढे केलाच, तर तो आधी आपला हात धोतराला पुसून घेई.