शेळी गाभडली तर

शेळी ही गरिबाची गाय. पोराबाळांना दूध मिळते. अडीनडीला करडू विकून चार पैसे हाती येतात. अशी शेळी गाभडली म्हणजे घर उदास होते. मग कुणी म्हणतो, दृष्ट लागली. कुणी म्हणते, शेजारणीनेच काही केले. आम्हीही लहानपणी असेच ऐकले. पण दोष शेजारणीचा नसतो. पुष्कळदा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचा असतो.

शेळी सुमारे पाच महिने, म्हणजे १५० दिवस गाभण असते. ब्रुसेला नावाचे जंतू तिच्या गर्भाशयात वाढतात. वार सुजते. चौथ्या-पाचव्या महिन्यात शेळी गाभडते. पडलेला गर्भ, वार आणि अंगावरून जाणारा स्राव यांत हे जंतू अतोनात असतात. ते चाऱ्यावर पडले, की दुसरीच्या पोटात जातात. एकीमागून एक शेळ्या गाभडतात त्या अशा.

हेच जंतू माणसालाही बाधतात. माल्टा नावाच्या बेटावर इंग्रज शिपायांना चढउताराचा ताप येई. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांनी त्याचे जंतू शोधले. १९०५ साली झामित या डॉक्टरांना ते शेळ्यांत सापडले. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या! १९०६ साली शिपायांना शेळीचे दूध देणे बंद केले. ताप झपाट्याने ओसरला.

आता आपण काय करावे?

गाभडलेली शेळी वेगळी बांधावी. गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. खोल खड्डा खणून, वर चुना टाकून पुरावे. कुत्र्याला घालू नये. पोटुशी बाईने तिकडे फिरकू नये. बारा तासांत वार पडली नाही तर ओढू नका. गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. शेळीचे रक्त तपासून घ्या. रोग निघाला तर ती बाजारात विकू नका. तसे केले तर आपले दुखणे दुसऱ्याच्या दारी बांधल्यासारखे होईल.

दूध उकळी आणूनच प्यावे. घरात कुणाला ताप, घाम, सांधेदुखी सुरू झाली, तर दवाखान्यात 'आमची शेळी गाभडली होती' हे आवर्जून सांगावे. औषधाने माणूस बरा होतो, पण ते कित्येक आठवडे, सांगितले तितके घ्यावे लागते.

शेजारणीशी भांडून शेळी वाचत नाही. खड्डा खणला आणि दूध उकळले, तर मात्र बाकीच्या शेळ्या वाचतात, आणि माणसेही.