मूत्रपिंडावरची ग्रंथी आणि पेशींची दारे

तोंडी परीक्षेसाठी आपले नाव पुकारले गेले की छातीत धडधड सुरू होते, तळहातांना घाम फुटतो. वसतिगृहात वाढलेल्या आपणा सर्वांना हा अनुभव आहे. धडधड वाढविणारे अ‍ॅड्रेनलिन अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात येते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या असतात. त्यांच्या गाभ्यातील पेशी अ‍ॅड्रेनलिन स्रवतात, तर बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार होतात. केव्हा स्रवायचे हे या पेशींना कसे उमगते, ते आम्ही येथे सांगू इच्छितो. कारण घरोघरच्या बीपीच्या गोळीशी त्याचा जवळचा संबंध आहे.

पेशीभोवती मेदाचे पातळ पटल असते. विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, त्यातून सहजासहजी आरपार जात नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. त्यांना आयन-मार्गिका म्हणतात. बहुतेक मार्गिका ठरावीक आयनालाच वाट देतात. पेशीच्या आत पोटॅशियम अधिक, बाहेर सोडियम व कॅल्शियम अधिक. पोटॅशियम बाहेर झिरपत राहिल्याने पेशीची आतली बाजू ऋणभारित राहते आणि पेशी शांत असते.

गाभ्यातील पेशीपर्यंत मज्जातंतूचे टोक पोहोचलेले असते. मेंदूकडून संदेश आला की तेथून अ‍ॅसिटिलकोलिन सुटते. त्याने एक मार्गिका उघडते, सोडियम आत शिरते, आतला ऋणभार घटतो. हा बदल जाणवताच कॅल्शियमच्या मार्गिका उघडतात. आत आलेल्या कॅल्शियममुळे अ‍ॅड्रेनलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला चिकटून रिकाम्या होतात. जर्मनीतील एर्विन नेहर व बर्ट साकमान यांनी १९७६ साली एकेका मार्गिकेतून वाहणारा प्रवाह मोजून दाखविला. पुढे नेहर यांनी गुरांच्या अधिवृक्क पेशींवर हे तंत्र वापरून पिशव्या रिकाम्या होण्याची क्रिया मोजली. दोघांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक असेल तर दुसरे घडते, ही साखळी पाहून आपल्या वाचकांना प्रतीत्यसमुत्पादाचे स्मरण होईल. साम्य सुखद आहे. परंतु या विज्ञानाचा आधार प्रयोग हाच आहे, हे आम्ही आवर्जून नोंदवितो.

बाहेरच्या थरातील अल्डोस्टेरॉनची गोष्ट निराळी. ते पिशव्यांत साठवले जात नाही. गरजेनुसार ताजे तयार होते. तेथील पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ८० मिलिव्होल्टने ऋण असते. रक्तातील पोटॅशियम किंचित वाढले, किंवा अँजिओटेन्सिनने पोटॅशियमच्या मार्गिका बंद केल्या, की हा ऋणभार घटतो, कॅल्शियम आत येते आणि अल्डोस्टेरॉन बनू लागते. ते मूत्रपिंडाला मीठ राखण्यास व पोटॅशियम टाकण्यास सांगते.

आता दारच बिघडले तर? अधिवृक्क ग्रंथीतील गाठीमुळे अल्डोस्टेरॉन वाढून रक्तदाब चढतो, हे अमेरिकेतील जेरोम कॉन यांनी १९५५ साली मांडले होते. त्याचे एक मूळ २०११ मध्ये येल विद्यापीठातील रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाला सापडले. अशा अनेक गाठींत पोटॅशियमच्या एका मार्गिकेचा जनुक बदललेला होता. केवळ पोटॅशियमला वाट देणारे हे दार सोडियमलाही आत घेऊ लागते. पेशी कधी शांतच होत नाही, आणि कोणी न सांगता अल्डोस्टेरॉन बनत राहते. हा बदल बहुधा गाठीतील पेशींपुरताच असतो, त्यामुळे तो मुलाबाळांकडे जाईल अशी भीती सहसा नसते.

उच्च रक्तदाबाच्या शंभर रुग्णांमागे साधारण पाच ते दहा जणांत अल्डोस्टेरॉनचे हे आधिक्य आढळते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. वर्षानुवर्षे गोळ्या वाढत जातात, दाब मात्र उतरत नाही. तीन-तीन औषधांनंतरही दाब चढा राहणे, पोटॅशियम कमी भरणे, स्नायूंत अशक्तपणा किंवा पेटके येणे, तरुणपणीच रक्तदाब सुरू होणे, अशा वेळी डॉक्टरांना अल्डोस्टेरॉन व रेनिन यांच्या रक्ततपासणीविषयी अवश्य विचारावे. पोटॅशियम नेहमी कमी असतेच असे नाही. दोष एकाच बाजूला असल्यास ती ग्रंथी शस्त्रक्रियेने काढता येते, आणि कित्येकांच्या गोळ्या कमी होतात किंवा सुटतात. दोन्ही बाजूंना असल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखी, अल्डोस्टेरॉनचे काम अडविणारी गोळी दिली जाते.