पानाच्या तळाशी

संशोधनाचा आढावा घ्यायचा म्हटले की बहुतेक लोक निष्कर्षांची यादी करू लागतात. मी आधी पानाच्या तळाशी पाहतो. लेखकाला ही गोष्ट कुठून कळली, तो कागद कुणाकडे आहे, दुसऱ्या कुणाला तो उघडून पाहता येईल का, हे तिथे समजते. या सवयीपायी मी आयुष्यभर वाद घातले आणि अजूनही घालतो. इतिहास, अर्थशास्त्र आणि वैद्यक या तीन शाखांतले आपल्याकडचे सव्वाशे वर्षांचे काम याच एका कसोटीला लावून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात इतिहासापासून करतो, कारण आधाराचा आग्रह आपल्याकडे तिथेच प्रथम धरला गेला. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. बखरी कितीही असोत, त्यांच्या विरोधात एक अस्सल चिठोरे सापडले तर बखरींनी माघार घ्यावी, हा त्यांचा दंडक. राजवाड्यांची सगळी मते टिकली नाहीत. त्यांच्या अनेक व्युत्पत्त्या आज कुणी मानत नाही आणि समाजाविषयीची काही विधाने तर मुळीच मान्य होण्यासारखी नाहीत. पण ती पत्रे टिकली. त्यांच्याशी भांडणाऱ्यालाही भांडणाचे साहित्य त्यांनीच छापून दिले. शेजवलकरांसारखा परखड अभ्यासक पानिपताचा नव्याने विचार करू शकला, तो अशा छापील साधनांच्या बळावर.

१९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले आणि या आग्रहाला घर मिळाले. शिवजन्माच्या तिथीचे उदाहरण घ्या. भोर संस्थानातल्या कारीच्या जेध्यांकडची शकावली टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. तोवर लोकांच्या मनात १६२७ साल पक्के बसले होते. मग परमानंदाच्या शिवभारताने तीच तिथी सांगितली, जोधपूरकडे सापडलेल्या जन्मकुंडलीने तिला दुजोरा दिला. एकमेकांना न ओळखणारे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर सुज्ञ माणूस मत बदलतो. पुढे शासनानेही हीच तारीख स्वीकारली. तरी वाद चालूच राहिले, आणि वाद घालणाऱ्यांतले फार थोडे जेधे शकावलीच्या पानापर्यंत गेले.

पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात काढले. त्यावरून एकीकडे पुणेकर संशोधक आणि दुसरीकडे इतिहासकार जदुनाथ सरकार व सरदेसाई यांच्यात जे रण माजले, ते इथे उकरत नाही. त्यात व्यक्तिगत राग फार आणि इतिहास थोडा होता.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली पुरे केले. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या १,२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी विचार झाला. प्रमुख संपादक सुकथनकरांनी घालून दिलेली पद्धत अशी की वर स्वीकारलेला पाठ आणि खाली नाकारलेले सगळे पाठभेद, कोणत्या पोथीत कोणता आहे त्यासह. कित्येक पानांवर वर जेमतेम चार श्लोक दिसतात आणि उरलेले पान पाठभेदांनी भरलेले असते. असे एखादे पान मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवत असे. संपादक तिथे वाचकाला सांगतो, मी हा शब्द निवडला, तुला पटत नसेल तर बाकीचे सगळे तुझ्यासमोर आहेत, तू निवड. विद्वत्तेतली याहून मोठी सभ्यता मला माहीत नाही.

याच संस्थेत १९१९ पासून परशुराम कृष्ण गोडे नावाचे अभिरक्षक काम करत होते. त्यांच्याविषयी मराठीत पुरेसे लिहिले गेले नाही ही खंत मी गेली कित्येक वर्षे बोलून दाखवतो आहे. गोड्यांनी चारशेहून अधिक शोधलेख लिहिले. संस्कृत ग्रंथकारांचे काळ ठरवणे हा त्यांचा मूळ व्यवसाय, पण त्या वाटेवर त्यांना जिलेबी भेटली, चष्मा भेटला, मेंदी, अत्तरे, तांबूल, आतषबाजी भेटली, आणि त्यांनी कुणालाही क्षुद्र मानून मागे टाकले नाही. खुद्द दिवाळीच्या इतिहासावर त्यांचा एक लेख भांडारकर संस्थेच्या ‘अ‍ॅनल्स’मध्ये आहे. दिवाळी अंक काढणाऱ्या प्रत्येक संपादकाने तो वाचलेला असावा.

गोड्यांच्या लेखांची शीर्षके पाहण्यासारखी आहेत. अनेकदा शीर्षकातच दोन साले असतात, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत. आपला पुरावा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ते पहिल्याच ओळीत कबूल करतात. जिलेबीचा उल्लेख त्यांना जिनसूर या जैन लेखकाच्या सुमारे १४५० च्या ‘प्रियंकरनृपकथे’त मिळाला, पुढचा दुवा सतराव्या शतकातल्या रघुनाथाच्या ‘भोजनकुतूहला’त. त्यापूर्वी जिलेबी नव्हती असा दावा अशा उल्लेखावरून करता येत नाही. तोवर ती होती, एवढेच सिद्ध होते, आणि गोडे तेवढ्यावरच थांबत. आतषबाजीवरचे त्यांचे लेखन १९५३ साली पुस्तिकारूपाने आले. गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावरच्या ‘कौतुकचिंतामणी’तले गंधक, कोळसा आणि सोऱ्याचे पाठ त्यात आहेत. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तल्या लग्नातली दारूकामाची वर्णनेही आहेत. आपण ते स्वयंवर भक्तीने वाचतो. गोड्यांनी ते भक्तीने वाचून शिवाय सोळाव्या शतकातल्या महाराष्ट्राला कोणती दारू ठाऊक होती, याची साक्ष म्हणूनही वाचले.

या कामाला कारकुनी म्हणणारे विद्वान मी पाहिले आहेत. मोठा सिद्धान्त नाही, भव्य मांडणी नाही, नुसत्या नोंदी, असा त्यांचा आक्षेप. त्यांचे भव्य सिद्धान्त दर पंचवीस वर्षांनी बदलले. १४५० ची ती नोंद अजून तिथेच आहे. उद्या कुणाला आधीचा उल्लेख सापडला तर तो गोड्यांची रेघ मागे नेईल, आणि तसे व्हावे अशीच त्यांच्या लेखनाची रचना आहे. दुसरा आक्षेप लोकप्रिय लेखकांचा. तळटिपांनी वाचक पळतो म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. गावोगावच्या व्याख्यानांनंतर लोक मला एकच प्रश्न विचारत आले आहेत, ‘हे कुठे वाचायला मिळेल?’ वाचकाला आधार हवा असतो. तो पुरवायचे कष्ट लेखकाला नको असतात. ऐतिहासिक कादंबरीशी माझे भांडण नाही. कादंबरीतले संवाद पुरावा म्हणून व्यासपीठावर ठणकावले जातात, त्याच्याशी आहे. याच वृत्तीचा शेवट आपण ५ जानेवारी २००४ रोजी पाहिला. एका परदेशी लेखकाने शिवाजी महाराजांवरच्या वादग्रस्त पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले, म्हणून जमाव भांडारकर संस्थेवर चालून गेला आणि पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. ज्या संस्थेने पाठभेदाचा आदर शिकवला, तिच्यावर ही वेळ आली. ती जखम माझ्या मनातून गेलेली नाही.

अर्थशास्त्राकडे वळतो. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालची. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. वाई तालुक्यातल्या शेतीच्या हिशोबांपासून पुणे शहरातल्या घराघरांच्या पाहणीपर्यंत या मंडळींनी दारोदार जाऊन माहिती गोळा केली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा १९७१ चा अभ्यास हा या परंपरेचा कळस. १९६०–६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, अशी किमान खर्चाची रेषा त्यांनी धरली. मागे २,२५० उष्मांकांचे गणित होते. ही रेषा चुकीची आहे असे अनेकांनी म्हटले, आणि ते म्हणता आले, कारण प्रत्येक आकडा राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कोणत्या तक्त्यातून आला, हे लेखकांनी उघड सांगितले होते. पुढच्या समित्या, त्यांच्या रेषा आणि त्यांवरचे खल मी ओलांडून जातो. मुद्दा असा की वादाला तक्ता लागतो. २०१७–१८ च्या उपभोग खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्धच केले नाहीत, आणि २०११–१२ नंतर थेट २०२२–२३ पर्यंत देशाला हा आकडा मिळाला नाही. त्या दहा-अकरा वर्षांत दारिद्र्यावर जे छातीठोकपणे बोलले गेले, त्याच्या तळाशी काय होते?

परदेशातही असे घडते. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेले की वाढ खुंटते, असे राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंतांनी २०१० साली मांडले आणि अनेक देशांत काटकसरीच्या धोरणाला ते प्रमाण झाले. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ गणनपत्र मागवून पाहिले. सरासरी काढताना पाच देश सुटले होते. इतर दोषही दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्क्याच्या जागी अधिक २.२ टक्के वाढ निघाली. अर्थमंत्र्यांपैकी कुणाला जे सुचले नाही, ते एका विद्यार्थ्याने केले. त्याने आधार मागितला.

वैद्यकात आधाराची किंमत माणसाच्या जिवाने मोजली जाते. मुंबईत प्लेग असताना शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपण बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना ती देऊन, न दिलेल्या कैद्यांशी तुलना केली. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांची सुटका झाली ती कागदांनी. चौकशीतली साक्ष नीट वाचून रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू मांडली. परळची संस्था १९२५ पासून हाफकिन यांचे नाव लावते.

आपल्या काळातले उदाहरण गडचिरोलीचे. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आले. गावातल्या शिकवून तयार केलेल्या बाया ही काळजी घेत होत्या, जन्म आणि मृत्यू एकेक करून लिहिले जात होते. जगाने ते मानले, कारण तुलनेची गावे आणि नोंदी होत्या.

आणि याच्या नेमकी उलटी गोष्ट. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, असे त्यात होते. पुढे हे पत्र सहाशेहून अधिक वेळा संदर्भ म्हणून दिले गेले. २०१७ साली तपासणी झाली तेव्हा दिसले, की बहुतेकांनी ते व्यसनाचा धोका नाही याचा पुरावा म्हणून वापरले, आणि दर पाचांतल्या चौघांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे सांगितलेच नाही. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात अक्षर नव्हते. अमेरिकेत त्या गोळ्यांच्या व्यसनाने किती बळी घेतले हे सर्वश्रुत आहे. संदर्भ दिला होता, पण तो उघडून कुणी पाहिला नाही.

संदर्भ मोजण्याचे खूळ कुठून आले? यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली संदर्भसूचीची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्यापुढे अमेरिकन वकिलांची एक जुनी सूची होती. एखाद्या निवाड्याचा पुढे कुठे आधार घेतला गेला, तो कुठे फिरवला गेला, हे तिच्यातून कळे. शास्त्रज्ञालाही एखाद्या चुकीच्या लेखावर पुढे टीका झाली का, हे कळावे, असा त्यांचा मानस होता. हेतू उत्तम होता. पुढे त्यातून नियतकालिकांना गुण देणारा इम्पॅक्ट फॅक्टर निघाला, आणि गुणांवरून माणसे नेमली जाऊ लागली. आपल्याकडे २०१० नंतर प्राध्यापकाच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाचे, गुण चिकटले आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली. मग आयोगाची मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही रद्द झाली. याद्या येतील, जातील. वाचून पाहणाऱ्या परीक्षकाची जागा कोणतीही यादी घेणार नाही.

एका विद्यापीठात पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत मी उमेदवाराला विचारले, राजवाड्यांच्या या खंडातल्या या पानावर कोणते पत्र आहे? तो गप्प राहिला. खंड आणला, पान उघडले, तिथे भलतेच पत्र होते. पृष्ठांक त्याने दुसऱ्या प्रबंधातून घेतला होता आणि त्या प्रबंधकाराने तिसऱ्यातून. मुलाला मी दोष देत नाही, खंड उघड असे त्याला सांगणारे कुणी भेटले नव्हते. पदवी रोखली गेली नाही याचे दुःख मला फारसे नाही. समितीतल्या कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही, याचे आहे. आता तर यंत्राला विचारले की ते अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ लेखक, साल आणि पृष्ठांकासह रचून देते, आणि तेही प्रबंधांत शिरू लागले आहेत. मोडी वाचणारे वर्षागणिक कमी होत आहेत, दफ्तरातले हजारो रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, अजून सुटायचे आहेत, आणि इकडे तरुणांना वर्षाला किती लेख छापलेस एवढेच विचारले जाते.

विद्यापीठांनी काय करावे हे सांगून मी थकलो. वाचकांना मात्र एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या, मोडीतले कागद, जुन्या वैद्याच्या औषधांची टिपणे, गिरणीतले पगारपत्रक असे काही खाली आले तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. कागद कुणाच्या घरातला, कोणत्या गावचा, कुणाच्या हातून आला, एवढे एका चिठ्ठीवर लिहून त्याच गठ्ठ्यात ठेवा आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा जवळच्या पुराभिलेखागारात विचारा. चिठ्ठी विसरू नका.