पहारेकऱ्यास भोवळ आली तर…

चंदीगडच्या सेक्टर १ मध्ये ल कॉर्बूझिए यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या लांबलचक सचिवालयात १९६६ पासून पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची दप्तरे एकाच छताखाली नांदत आली आहेत. आणि जेथे दोन सरकारांचे कागद इतके निकट असतात, तेथे चहासाठी उठणाऱ्या कारकुनाने संगणकाचा पडदा कुलूपबंद करून जाणे हा केवळ शिरस्ता न राहता कर्तव्याचाच भाग ठरतो.

परंतु लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत पडद्यावर खिडक्या मांडण्यासाठी वर्षानुवर्षे रूढ असलेल्या ‘एक्स’ या प्रणालीत हे कुलूप म्हणजे इतरांसारखाच एक सामान्य प्रोग्राम असतो. तो सर्व खिडक्यांवर आपली एक खिडकी अंथरतो, कळफलक व माउस ताब्यात घेतो आणि योग्य पासवर्ड मिळेपर्यंत कोणासही दाद देत नाही. मागे दप्तर उघडेच असते. दारात उभा केलेला हा पहारेकरी आहे, आणि त्यास भोवळ आली की वाट मोकळी.

जानेवारी २०२१ मध्ये ‘लिनक्स मिंट’ या लिनक्सच्या एका प्रकाराच्या बाबतीत नेमके हेच उघडकीस आले. एका वापरकर्त्याच्या मुलांनी खेळता खेळता खऱ्या आणि पडद्यावरील अशा दोन्ही कळफलकांवर मनसोक्त बोटे चालवली, तोच कुलपाचा प्रोग्राम कोसळून डेस्कटॉप खुला झाला. दोष पडद्यावरील कळफलक पुरवणाऱ्या ‘कॅरिबू’ या घटकात होता: माथ्यावर आडवी रेघ असलेले लॅटिन ‘ई’ दाबताच तो कोलमडे, आणि कुलपाच्याच प्रोग्राममध्ये त्याचा मुक्काम असल्याने त्यासही घेऊन पडे. विशेष हे की, ‘एक्स’मधील एका सुरक्षा-दुरुस्तीमुळेच हा सुप्त दोष जागा झाला होता.

१९९२ मध्ये ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ हा पडदा-कुलपाचा प्रोग्राम रचणारे जेमी झविन्स्की अशा घटकांचा भार कुलपावर लादू नये असे फार पूर्वीपासून बजावीत आले होते. तथापि ज्याचे हात अधू आहेत त्यास पडद्यावरील कळफलकाची गरज असतेच, म्हणून तो काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो निराळ्या प्रक्रियेत ठेवणे, आणि मुख्य म्हणजे कुलूप कोसळले तरी बंदोबस्त न ढळेल अशी तजवीज करणे, हाच खरा मार्ग. ‘वेलँड’ या नव्या प्रणालीसाठी ठरलेल्या सत्र-कुलपाच्या नियमांत तशी तजवीज आहे: कुलपाचा प्रोग्राम मेला तरी सत्र बंदच राहते. ते सत्र संपवावे लागल्यास कारकुनाचा अर्धवट मसुदा कदाचित हातचा जाईल. परंतु दप्तर परक्याच्या नजरेस पडणार नाही.